आधी कीर्द, मग खतावणी : छोटा डेटाबेस स्वतः बांधताना

मृगाचा पाऊस होऊन गेलेला. पारोळा रस्त्यावरच्या एका कृषी केंद्रात कपाशीच्या बियाण्यासाठी रांग लागली होती. काउंटरवरचा मुलगा एका शेतकऱ्याचं बिल बनवत होता. सात वस्तूंपैकी पाच भरून झाल्या आणि लाइट गेली. इन्व्हर्टर फक्त पंख्यापुरता, त्यामुळे कॉम्प्युटर जागीच बंद पडला. वीस मिनिटांनी लाइट आली तेव्हा ते पाच ओळींचं बिल कुठेच सापडेना. बियाण्याचा साठा मात्र आधी होता तेवढाच, एकही पाकीट कमी नाही. दुकानदार वैतागले, "हाई काय शे भाऊ? पाच ओळी भरेल व्हत्यात, त्या कथा (कुठे) गयात?"

मी म्हटलं, त्या गेल्या हे चांगलंच झालं. त्या राहिल्या असत्या तर साठ्यातून पाकिटं वजा झाली असती आणि बिल मात्र पूर्ण झालेलं नसतं. मग महिनाअखेरीला त्या पाकिटांचा हिशेब जुळवत बसावं लागलं असतं.

दुकानदारांना पटलं, पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि खरा प्रश्न तोच आहे. वीज गेली म्हणजे यंत्राची चालू आठवण पुसली गेली. मग परत सुरू झाल्यावर कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकून द्यायचं, हे त्याला कळलं कसं?

हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला डेटाबेस इंजिन म्हणतात. सातबारा काढताना, रेशनच्या दुकानात, बँकेत 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण त्या सर्व्हरच्या पोटात काय असतं ते फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. मी धुळ्यात कॉम्प्युटर शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून दरवर्षी असं एक छोटं इंजिन कोऱ्या फाइलपासून बांधून घेतो. ते कसं बांधतात, हे कोड न लिहिणाऱ्यांनाही कळायला हरकत नाही. आपल्याकडे ज्यांनी कधी अडतीवर वह्या पाहिल्यात, त्यांना तर अर्धं आधीच ठाऊक आहे.

पाण्यात पाय घालण्याआधी : तक्ते म्हणजे काय

डेटाबेस म्हणजे नीट लावून ठेवलेली माहिती. त्यातला सर्वांत रुळलेला प्रकार 'रिलेशनल', म्हणजे सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची. शेतकऱ्यांचा एक तक्ता : क्रमांक, नाव, गाव. आवकेचा दुसरा : पावती क्रमांक, शेतकरी क्रमांक, माल, वजन, भाव. आवकेच्या तक्त्यात शेतकऱ्याचं नाव पुन्हा लिहायचं नाही, फक्त त्याचा क्रमांक लिहायचा. गाव बदललं तर एकाच जागी दुरुस्ती होते.

ही कल्पना १९७० साली एडगर कॉड यांनी मांडली. ते तेव्हा आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. त्याआधी माहिती हवी असेल तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती कुठल्या वाटेनं गाठायची हेही सांगावं लागे : या नोंदीवरून त्या नोंदीवर जा, तिथून पुढच्या. कॉड म्हणाले, काय हवं ते माणसानं सांगावं आणि वाट यंत्रानं शोधावी. आपण दिवाणजींना विचारतो, "पारोळ्याच्या कोणाकोणाचं देणं बाकी आहे?" कुठली वही आधी उघडायची ते आपण सांगत नाही, त्यांचं ते बघतात. पुढे आयबीएममध्येच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असं विचारण्यासाठी भाषा तयार केली, तीच आजची एसक्यूएल. कॉड यांना १९८१ साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

फाइल आणि तिची पानं

एवढं सगळं शेवटी डिस्कवरच्या फाइलमध्येच बसतं. एसक्यूलाइट नावाचं इंजिन २००० साली रिचर्ड हिप यांनी काढलं, ते आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. त्याचा अख्खा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, आणि तिच्या पहिल्या १६ बाइटांत त्या फाइलनं स्वतःची ओळख लिहिलेली असते. बाइट म्हणजे साठवणुकीचं एक छोटं खण.

फाइलचे सारख्या मापाचे तुकडे पाडतात, त्यांना पानं म्हणतात. बहुतेक जण ४,०९६ बाइटांचं पान घेतात. एक नोंद १०० बाइटांची धरली तर एका पानात ४० नोंदी मावतात, आणि १० लाख नोंदींना २५,००० पानं लागतात. इंजिन डिस्कवरून नेहमी अख्खं पान उचलतं आणि अख्खं पान ठेवतं. एका ओळीसाठीसुद्धा आपण वहीचं पूर्ण पानच उघडतो, तसंच.

पहिली फजिती इथेच होते, आणि ती खास आपल्या भाषेची आहे. मुलं गावाच्या नावाला २० बाइट ठेवतात. इंग्रजीत २० अक्षरं मावतात, म्हणून त्यांना वाटतं पुरे. पण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा आणि हलन्तासकट, अक्षरं साठवायच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं. 'धुळे' १२ बाइटांत बसतं, 'अमळनेर' १८ मध्ये. 'मुक्ताईनगर'ला ३० लागतात. मग वीस बाइटांवर कात्री चालते, स्क्रीनवर 'मुक्ता' उमटतं आणि पुढे अर्धवट तुटलेल्या 'ई'च्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन. एका मुलीनं तो चौकोन पाहून तासभर फॉन्ट बदलून पाहिले होते.

उपाय जुना आणि सुंदर आहे. पानाच्या सुरुवातीला एक छोटी यादी ठेवायची : पहिली नोंद अमुक जागी, दुसरी तमुक जागी. खऱ्या नोंदी पानाच्या तळापासून वर भरत यायचं. यादी वरून खाली वाढते, नोंदी खालून वर, आणि मधली जागा संपली की पान भरलं. आता नाव लांब असो की आखूड, जेवढं लागेल तेवढीच जागा जाते.

जाता जाता आणखी एक सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. नावं बाइटांच्या क्रमानं लावली तर 'ळ' हा 'ल'च्या मागोमाग येतो, कारण सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात तो तिथे आहे. आपण शाळेत शिकलेल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर आहे. 'ज्ञ' तर 'ज'च्या घरात जाऊन बसतो. मराठी यादी मराठी क्रमानं लावणं हे वेगळं काम आहे आणि ते मुद्दाम करावं लागतं.

दहा लाखांतून एक नाव

एक पावती शोधायला २५,००० पानं चाळायची नसतील तर सूची हवी. तिला इंडेक्स म्हणतात. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच, पण एक अडचण आहे : पुस्तक छापून झालं की बदलत नाही, बाजारात मात्र रोज नवी आवक येते. क्रमानं लावलेल्या यादीत मध्येच एक नाव घुसवायचं म्हणजे पुढची सगळी सरकवायची.

यावर रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी बोइंग कंपनीत असताना 'बी-ट्री'ची रचना काढली आणि १९७२ साली ती सविस्तर छापून आली. सूचीचीही पानंच करायची. सूचीच्या एका पानात साधारण ३०० नोंदी बसतात असं धरू. वरच्या पानावर ३०० दिशा : 'एवढ्यापर्यंतचे क्रमांक या पानाकडे, त्यापुढचे त्या पानाकडे.' त्या प्रत्येक पानावर पुन्हा ३००, त्याखाली पुन्हा ३००. तीन पायऱ्यांत २ कोटी ७० लाख नोंदी. म्हणजे सूचीची तीन पानं आणि नोंदीचं एक, अशी चार पानं उघडली की कुठलीही पावती हातात. एखादं पान भरलं की त्याची दोन करायची आणि मधला क्रमांक वरच्या पानावर कळवायचा. सर्वांत वरचंच पान भरलं तर त्याचीही दोन होतात आणि त्यांच्या डोक्यावर नवं पान बसतं. सर्वांत वरच्या पानाला मूळ म्हणतात, म्हणजे हे झाड उंच होतं ते शेंड्याकडून नव्हे, नेहमी मुळाला नवं मूळ लागून होतं. कागदावर पेन्सिलीनं वीस-पंचवीस आकडे घालून पाहिल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून मी ते आधी कागदावरच करायला लावतो.

सूची फुकट नसते. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर प्रत्येक सूचीही दुरुस्त करावी लागते.

'दे' म्हटलं की घड हातात

एसक्यूएलमधलं वाक्य इंजिन आधी शब्दांत तोडतं, मग त्याचा अर्थ लावून कामांची साखळी तयार करतं. ही साखळी कशी चालते ते समजायला रावेरकडे केळीची गाडी भरताना पाहावी. बागेतून गाडीपर्यंत माणसं उभी असतात. गाडीवरचा "दे" म्हणतो, त्याच्या मागचा त्याच्या मागच्याकडे हात करतो, आणि मागणी बागेपर्यंत जाऊन एक घड हातोहात पुढे येतो. सगळी बाग कापून आधी बांधावर ढीग लावायची गरज पडत नाही.

इंजिनातही प्रत्येक कामगाराला एकच गोष्ट येते : 'पुढची ओळ दे' म्हटलं की एक ओळ द्यायची. एक जण तक्त्यातून ओळ काढतो, दुसरा 'गाव पारोळा नसेल तर बाजूला' करतो, तिसरा फक्त नाव आणि रक्कम ठेवतो. प्रत्येकाचा कोड तीस-चाळीस ओळींचा असतो.

दोन तक्ते जोडायचे तेव्हा मात्र डोकं लावावं लागतं. ५०० शेतकरी आणि २०,००० पावत्या आहेत. प्रत्येक शेतकऱ्यासाठी सगळ्या पावत्या चाळल्या तर १ कोटी वेळा ताडून पाहावं लागतं. त्याऐवजी शेतकऱ्यांची क्रमांकवार खणं आधी लावून घेतली आणि मग पावत्या एकदाच हातावेगळ्या केल्या, तर काम साडेवीस हजारांत आटोपतं. उत्तर तेच येतं. कुठली वाट धरायची ते इंजिन ठरवतं. कॉड यांनी १९७० साली जे म्हटलं ते इथे मुलांच्या हाताला लागतं.

नानांची कीर्द

आता लाइट गेल्याचा प्रश्न. सगळा लेख खरं तर याच्यासाठी लिहितोय.

माझे नाना अमळनेरला एका अडतीवर दिवाणजी होते. त्यांच्यासमोर लाल कापडी बांधणीच्या दोन वह्या असत. एक कीर्द. दिवसभरात जे घडेल ते, ज्या क्रमानं घडेल त्या क्रमानं, एकाखाली एक. दुसरी खतावणी. तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याचं स्वतंत्र खातं. शेतकऱ्याला रोख दिले की नाना आधी कीर्दीत ओळ ओढत, रक्कम लिहीत, शेवटी बारीक टिंब देत आणि मगच मान वर करून "झालं" म्हणत. खतावणी संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर. कीर्दीतल्या जिथवरच्या ओळी खतावणीत चढल्या, तिथे ते लाल शाईची आडवी रेघ मारत.

मी लहानपणी विचारलं होतं की थेट खतावणीतच का लिहीत नाही, दोनदा लिहायचा त्रास कशाला? ते म्हणाले, "खतावणीत एका व्यवहाराला दोन पानं उलटावी लागतात. एक उलटलं आणि कुणी हाक मारली, तर दुसरं राहून जातं."

डेटाबेस इंजिनाचा कणा हाच आहे. एका बिलात बिलाची नोंद होते आणि साठा कमी होतो. ही दोन पानं वेगवेगळ्या जागी आहेत. दोन्ही एकदम लिहिता येत नाहीत, आणि मध्ये वीज जाऊ शकते. म्हणून आधी कीर्द : एका वेगळ्या फाइलीच्या शेवटी 'असं असं करायचं आहे' हे सगळं लिहायचं आणि त्याखाली पूर्ण झाल्याची खूण करायची. ती खूण डिस्कवर पोचली की व्यवहार झाला. तक्त्यांची पानं नंतर सवडीनं बदलली तरी चालतं. पुन्हा सुरू होताना इंजिन कीर्द उघडतं, शेवटच्या लाल रेघेपासून खाली वाचतं, ज्या व्यवहाराखाली खूण आहे तो तक्त्यांत चढवतं, आणि ज्याखाली नाही तो झालाच नाही असं धरतं. त्या कृषी केंद्रातल्या पाच ओळींखाली खूण नव्हती. अशा 'सगळं किंवा काहीच नाही' व्यवहाराला ट्रान्झॅक्शन म्हणतात. या विषयावर आयुष्य घालवलेल्या जिम ग्रे यांना १९९८ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

खूण करतानाच वीज गेली तर? म्हणून कीर्दीतल्या प्रत्येक नोंदीबरोबर तिची लांबी आणि तिच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला एक ताळा लिहितात. वाचताना ताळा जुळला नाही तर नोंद अर्धवट आहे, तिथेच थांबायचं.

यात एक फसवी जागा आहे. प्रोग्रॅमनं 'लिही' म्हटलं की ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे सगळा कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, लगेच 'लिहिलं' म्हणते, पण प्रत्यक्षात तिनं ते फक्त लक्षात ठेवलेलं असतं. सवड मिळाली की डिस्कवर उतरवते. नोकरानं वहीत लिहायचं कबूल करून डोक्यात ठेवावं, तसं. तिला 'आत्ता उतरव, आणि उतरल्याशिवाय परत येऊ नको' असं बजावणारा एक आदेश आहे, एफसिंक. तो संथ आहे, म्हणून मुलं तो काढून टाकतात आणि इंजिन कितीतरी पट वेगवान झालं म्हणून आनंदानं दाखवायला येतात. चाचणीही पास होते, कारण ते चाचणी घेताना फक्त प्रोग्रॅम मारून टाकतात. प्रोग्रॅम मेला तरी ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते, ती लक्षात ठेवलेलं नंतर उतरवतेच. खरी परीक्षा वीज जाण्याची.

"एक्सेल आहे की"

एका माणसानं एका कॉम्प्युटरवर ठेवलेल्या पाचशे ओळींना एक्सेल उत्तम आहे, मी स्वतः वापरतो. पण दोन काउंटरवरून एकाच वेळी शेवटचं पाकीट विकलं जाऊ नये, किंवा बिल आणि साठा एकदमच बदलावा, ही हमी शीट देत नाही. ती ज्या दिवशी लागेल त्या दिवशी डेटाबेस घ्यावा.

"तयार मिळतं, तेही फुकट"

मिळतं, आणि दुकानात तेच वापरा. एसक्यूलाइटवर तर कुणाचा मालकी हक्कच नाही. मुलांनी बांधलेलं इंजिन कुणाच्या धंद्यावर बसवायचं नसतं. पण उद्या हीच मुलं कुठल्या तरी बँकेचं, दवाखान्याचं, बाजार समितीचं सॉफ्टवेअर लिहिणार आहेत. ट्रान्झॅक्शन कुठे सुरू करायची आणि कुठे संपवायची हे त्यांनाच ठरवायचं आहे. बिल एका ट्रान्झॅक्शनमध्ये आणि साठा दुसऱ्या, असं त्यांनी लिहिलं, तर जगातलं सर्वांत चांगलं इंजिनही ते वाचवू शकत नाही.

लागतं काय? जुना कॉम्प्युटर चालतो. भाषा सी, गो, रस्ट, पायथन, जी हाताला बसली असेल ती. माझं एकच सांगणं आहे, एसक्यूएलचं वाक्य वाचणारा भाग सर्वांत शेवटी करा. तो दिसायला छान असतो म्हणून बहुतेक जण तिथून सुरू करतात, महिनाभर कंस आणि स्वल्पविराम सोडवत बसतात आणि साठवणुकीपर्यंत पोचतच नाहीत. पान, मग सूची, मग कीर्द, मग बाकीचं.

"एआय दोन मिनिटांत लिहून देतो"

देतो. गेल्या वर्षी दोघांनी तसाच कोड आणला होता, आणि वाचायला तो त्यांच्यापेक्षा स्वच्छ होता. एकात कीर्द होती, पण तक्त्याचं पान बदलून झाल्यावर कीर्दीत नोंद होत होती. नावं सगळी बरोबर, क्रम उलटा. मी विचारलं, या दोन ओळींच्या मध्ये लाइट गेली तर काय होईल? दोघंही गप्प. एआय वापरायला माझी ना नाही, पण प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये हा प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि तो विचारायला स्वतः एकदा तरी अडकलेलं असावं लागतं.

प्लग काढला तेव्हा

आमच्या प्रयोगशाळेत यासाठी एक बॅटरी नसलेला जुना डेस्कटॉप राखून ठेवलाय. प्रोग्रॅम एकामागून एक पावत्या घालत जातो. पावती पक्की झाली की तिचा क्रमांक नेटवर्कवरून शेजारच्या लॅपटॉपवर उमटतो. मध्येच एकानं भिंतीतला प्लग ओढायचा.

परवा एका मुलानं ओढला. लॅपटॉपवर शेवटचा आकडा ६१२. डेस्कटॉप पुन्हा सुरू केला, इंजिनानं कीर्द वाचली, तक्त्यात पावत्या निघाल्या ६१३. त्याचा चेहरा पडला. "सर, एक जास्तीची आली. चुकलं."

मी त्याला फळ्यावर नानांचा क्रम काढून दाखवला : ओळ, रक्कम, टिंब, मग "झालं". टिंब देऊन झालं आणि "झालं" म्हणायच्या आत कुणी वीज बंद केली, तर व्यवहार पक्का असतो, फक्त तो ऐकायला कुणाला मिळालेला नसतो. तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे ६१३ चालेल. ६११ नको."

"६११ नको."

त्यानं प्लग परत लावला आणि दुसऱ्यांदा ओढायला तयार झाला.